वजा केलेला मजकूर

३ मार्च, मंगळवार

यंत्र आलं. खोक्यात खोकं, त्यात फोम, फोममध्ये डबी आणि डबीत मुठीत मावेल एवढा करडा तुकडा. आम्ही सगळे भोवती उभे. प्रयोगशाळेतल्या काटेबाई म्हणाल्या, “एवढ्याशासाठी अख्खं टेबल रिकामं करून घेतलंत होय.” संचालकसाहेब हसले नाहीत. त्यांनी या यंत्रासाठी तीन वर्षं कागद हलवलेत.

सहा वर्षांनी पुन्हा डायरी धरते आहे. प्रयोगवहीत झालं तेवढंच लिहायचं असतं. वाटलं ते कुठे लिहायचं?

आमचं केंद्र संत्र्याच्या डोळकाड्या पुरवतं. डोळकाडी म्हणजे चांगल्या झाडाची बोटभर जाडीची फांदी. तिच्यावरचा एकेक डोळा रोपवाटिकेवाले दुसऱ्या जातीच्या खुंटावर बसवतात आणि त्या डोळ्याचं पुढे झाड होतं. आई निरोगी तर लेकरं निरोगी. आई रोगट असेल तर हजारो लेकरं जन्मतःच रोगट. म्हणून काड्या बाहेर पडण्याआधी आम्ही तपासतो आणि दाखल्यावर माझी सही होते. सोळा वर्षं होते आहे.

आतापर्यंत व्हायरस शोधायचे म्हणजे सहा ओळखीच्या व्हायरसांच्या सहा चाचण्या. दार वाजवून विचारायचं, अमका आहे का घरात? तमका आहे का? सातवा कुणी आत बसला असेल तर कळायची सोय नाही. हे यंत्र दारच उघडतं. पानात जेवढा म्हणून जनुकीय मजकूर आहे तो अक्षर न् अक्षर वाचतं. मग कोण घरचा आणि कोण उपरा, ते आपण ठरवायचं.

६ मार्च, शुक्रवार

अडचण पहिल्याच दिवशी कळली. पानातला बहुतेक मजकूर झाडाचा स्वतःचाच असतो. त्यातून व्हायरसचा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. आमचा संगणक दुपारपर्यंत गरम होऊन बसला.

उपाय मीच काढला आणि तो नेटका आहे. जाळीघरात, म्हणजे कीड येऊ नये म्हणून जाळीने बंद केलेल्या शेडमध्ये, एक नंबरचं झाड आहे, आम्ही तिला थोरली म्हणतो. एकतीस वर्षांची. बाकीचे अठ्ठेचाळीस मातृवृक्ष तिच्याच डोळ्यांतून वाढलेले. थोरलीचं पान एकदा पुरतं वाचून ठेवायचं. मग कुठलाही नमुना आला की त्यातून थोरलीत जे जे आहे ते सगळं वजा करायचं. उरेल तो उपरा. साहेबांना पद्धत एका पानावर लिहून दिली, त्यांनी ती भिंतीवर लावायला सांगितली.

घरी नवऱ्याला समजावली. तो छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे त्याला चटकन कळली. म्हणाला, “म्हणजे मूळ प्रतीशी ताडून बघायचं. आणि मूळ प्रत कुणी तपासली?” मी म्हटलं, वर्षातून दोनदा, सहाही चाचण्या, गेली एकतीस वर्षं. त्याने मान हलवली आणि भाजी चिरायला घेतली.

१९ मार्च, गुरुवार

सगळे मातृवृक्ष कोरे. एकाही झाडात उपरं काही नाही. बाहेरच्या दोन जुन्या बागांतली पानंही लावली होती, त्यांत ओळखीचे दोन व्हायरस लख्ख सापडले. म्हणजे यंत्र बघतं आणि आपलं घर स्वच्छ आहे. साहेबांनी दाखल्यावर नवीन ओळ छापून घेतली: ‘संपूर्ण मजकूर वाचून तपासलेले’. अशी ओळ आजूबाजूच्या कुठल्याच केंद्राकडे नाही.

मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आनंद झाला. सही करताना जरा मोठीच झाली.

२ एप्रिल, गुरुवार

दादाचा फोन. आधी वहिनीच्या गुडघ्याबद्दल बोलला, मग मोटारपंपाबद्दल, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला की पलीकडच्या रांगेतली पानं जरा फिक्की पडलीत. शिरा हिरव्या, मधलं पिवळं. मी म्हटलं जस्त कमी पडलं असेल, फवारा.

दादाने एकवीस वर्षं बस चालवली. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून बाग लावली ती माझ्या सांगण्यावरून. एकोणीसशे झाडं, सगळी आमच्या काड्यांची. तो कुणालाही बाग दाखवायला लागला की पहिलं वाक्य हेच, “माझ्या बहिणीच्या शिक्क्याची आहेत.”

१२ एप्रिल, रविवार

बागेत जाऊन आले.

एक रांग नाही, पाच रांगा आहेत. दादाने एकच सांगितली होती. वहिनी त्याच्यासमोर काही बोलली नाही. तो पंपाकडे गेल्यावर म्हणाली की मागच्या हंगामापासून आहे हे, पण तुला काळजी नको म्हणून सांगू देत नव्हते.

फळं लिंबाएवढी राहिलीत. दोन झाडं हाताने हलवली तर बुंध्याशी कुरकुरली. डोळा आणि खुंट जिथे जुळतात तिथली साल सुरीने उचलून पाहिली. आत सांध्यावर तपकिरी रेघ आहे, दोरा गुंडाळावा तशी, पूर्ण गोल. पाणी कमीजास्त झालं की असं होतं म्हणतात. मी कुठे वाचलंय ते आठवत नाही.

दादा छाटणी करत होता, एकाच कात्रीने एका झाडावरून दुसऱ्यावर. मधे कात्री औषधात बुडवायला हवी. बोलणार होते, पण तो इतक्या उत्साहाने दाखवत होता की म्हटलं, घरी आल्यावर तरी शिकवणी नको.

पानं आणली आहेत.

१७ एप्रिल, शुक्रवार

कोरी. बाराही पानं कोरी.

दोन वेळा वजाबाकी करून पाहिली. थोरलीचा मजकूर काढून टाकल्यावर दादाच्या पानांत काहीही उरत नाही. व्हायरस नाही. खुर्चीत मागे टेकले तेव्हा कळलं की सकाळपासून खांदे वर ओढून बसले होते.

लगेच दादाला फोन लावला. सांगितलं की हा जमिनीचा प्रश्न आहे. कडक छाटणी कर, पिवळी झाडं काढ आणि त्या जागी नवीन रोपांवर थोरलीचे ताजे डोळे भरू, मी स्वतः काड्या काढून देते. त्याने विचारलं की शेजारचा त्याच्या चांगल्या रांगांतल्या काड्या मागतोय, दिल्या तर चालतील ना. म्हटलं, खुशाल दे.

“तू म्हणतेस तर झालं,” दादा म्हणाला. मग वहिनीला ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, काही नाही म्हणाली बारकी.

२२ एप्रिल, बुधवार

काटेबाईंबद्दल लिहायचं राहिलंच होतं. प्रत्येक पान त्याच कुटतात आणि त्याआधी काट्यावर तोलून घेतात, शंभर मिलिग्रॅम म्हणजे शंभर, एकशे एक नाही. शिवाय घड्याळाच्या काट्याला येतात. म्हणून दुहेरी काटेबाई. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत.

आज त्या संगणकापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दादांच्या पानांतून वजा किती गेलं ते बघितलंत का? बाकीच्या पानांपेक्षा बरंच जास्त आहे. “उरलं नाही हे खरं. पण जातंय काय एवढं?”

मी म्हटलं, रोगट पान आहे, पेशी फुटल्यात, कचरा जास्त. त्या बरं म्हणाल्या आणि बाटल्या धुवायला गेल्या. नंतर वाटलं, उत्तर जरा लवकरच दिलं. पण त्यांना संगणकातलं कळतं किती?

४ मे, सोमवार

तीन रोपवाटिकांकडून पानं आली. तीन वेगवेगळ्या टोकांच्या. तीच फिक्की पानं, तीच सांध्यावरची रेघ. तिघांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नाही. एकाने चिठ्ठीत लिहिलंय, ‘जमीन बदलून पाहिली, पाणी बदलून पाहिलं, आता झाडच बदलायचं राहिलंय.’

तिन्ही कोरी.

कुठेतरी पाणी मुरतंय. खत? सगळ्यांना एकाच कारखान्याचं खत गेलं असेल. साहेबांना सांगितलं, त्यांना ते पटलं. जरा लगेचच पटलं. अठरा तारखेला हंगामाच्या काड्या निघायच्या आहेत, साठ हजार डोळे. त्याआधी वाद नकोत म्हणाले.

१२ मे, मंगळवार

संगणकाची डिस्क गेली आणि तिच्याबरोबर थोरलीची फाइल. पान पुन्हा वाचावं तर रसायन संपलेलं, नवीन यायला दोन आठवडे. नमुन्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या.

काम अडायला नको म्हणून जगभरच्या लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या संग्रहातून एका परदेशी निरोगी संत्र्याचा मजकूर उतरवून घेतला आणि थोरलीच्या जागी तोच वजा केला. संत्रं ते संत्रं.

जेवून आले तर पडद्यावर दादाच्या पानांतून साडेआठ हजार अक्षरं उरली होती. सलग. झाडाची नव्हेत. संग्रहातल्या सगळ्या व्हायरसांशी ताडली. सगळ्यांत जवळचा नातेवाईक निघाला त्याच्याशीही शंभरातली एकसष्ट अक्षरंच जुळतात. म्हणजे याला नाव नाही. कुणी याला आजवर पाहिलेलं नाही.

मग तिन्ही रोपवाटिकांची पानं. तीच अक्षरं.

मग उगाच, खात्रीसाठी, आमच्या मातृवृक्षांच्या मार्चमधल्या फाइली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस.

इथे जीव भांड्यात पडला. एवढ्या सगळ्यांत सापडतं याचा अर्थ ते झाडांत नाहीच, आमच्या खोलीत आहे. कुणाच्या तरी हातमोज्यातून, कुठल्या तरी बाटलीतून एकाचा थेंब सगळ्यांत गेला. पानं कुटायचं काम एकाच माणसाचं आहे.

१४ मे, गुरुवार

काटेबाईंना बोलले. दार लावून बोलायला हवं होतं, लावलं नाही. हातमोजे केव्हा बदलता, खल कसा धुता, मार्चमध्ये एकाच दिवशी चोवीस पानं का कुटलीत, सगळं विचारलं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाल्या, “माझे हात स्वच्छ होते, ताई.”

मी म्हटलं, मग हे आलं कुठून?

त्या म्हणाल्या, तेच मी तुम्हाला विचारत होते.

संध्याकाळी साहेबांनी त्यांना बियाणांच्या कोठारात पाठवलं. मी तसं सुचवलं नव्हतं. नाही, सुचवलं होतं. ‘काही दिवस’ म्हटलं होतं.

१८ मे, सोमवार

काड्या गेल्या. ओल्या भुशात बांधलेल्या जुड्या, सात गाड्या. सकाळी सहीसाठी फाइल आली तेव्हा मी साहेबांना म्हटलं, दहा दिवस थांबता आलं तर बरं, रसायन येऊ दे. ते म्हणाले की डोळे भरायचा काळ दहा दिवसांत निघून जातो, आणि गोंधळ आपल्या खोलीतला आहे असं तुम्हीच सांगितलंत ना?

मीच सांगितलं होतं.

सही केली. नेहमीसारखी झाली. सात वेळा.

२६ मे, मंगळवार

रसायन आलं. या वेळी सगळं स्वतःच्या हातांनी केलं. खोली बदलली, बाटल्या नव्या, मोजे दर पानाला नवे. बरोबर दोन साक्षीदार लावले: एक घेवड्याचं पान आणि एक नुसतं पाणी. खोलीत घाण असेल तर ती या दोघांतही सापडायला हवी.

पाणी कोरं. घेवडा कोरा.

थोरलीच्या पानात साडेआठ हजार अक्षरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एवढ्या प्रती कुठल्याच पानात मिळाल्या नव्हत्या.

बराच वेळ मी फक्त पडदा वरखाली करत होते. वजाबाकी. मी प्रत्येक झाडातून थोरली वजा करत होते आणि थोरलीबरोबर तिच्या अंगातला हा पाहुणाही. दादाच्या पानांतून मी रोगच पुसून टाकला आणि फोन करून सांगितलं, काही नाही. काटेबाईंनी विचारलं होतं, जातंय काय एवढं. हे जात होतं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आडातच होतं आणि मी पोहरे विसळत बसले.

थोरलीला स्वतःला काही होत नाही. जुना खुंट, जुनं झाड, दोघांनी जुळवून घेतलंय. पाच वर्षांपूर्वी आपण सगळ्यांना नवा खुंट वापरायला सांगितला. तिची लेकरं त्या खुंटावर बसली की सांध्याशी मरायला लागतात, हळूहळू, तीन-चार वर्षांनी. तोवर त्या लेकरांच्या काड्या पुढे गेलेल्या असतात.

साठ हजार डोळे आठ दिवसांपूर्वी गेले.

२७ मे, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, घाई नको, आणखी तीनदा करून बघा, आणि तोवर लेखी काही नको, ना पत्र ना टिपण. जे काय ते तोंडी. मग म्हणाले की मार्चमध्ये तुम्ही पद्धतीचं पान दिलं होतं त्याची सही केलेली प्रत माझ्याकडे असू दे, म्हणजे वर विचारलं तर तुमची बाजू मला मांडता येईल.

देऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. माणूस वाटतो तेवढा कोरडा नाही.

३० मे, शनिवार

दादाचा फोन. नव्या रोपांवरचे डोळे धरले, एकशे दहापैकी एकशे चार. असा हात बसलाय म्हणाला, की बसचं स्टिअरिंगसुद्धा इतक्या लवकर बसलं नव्हतं. शेजाऱ्याचेही धरले.

मी छान म्हटलं.

छान म्हटलं मी.

२ जून, मंगळवार

तिसऱ्यांदाही तेच. साहेब म्हणाले चौथ्यांदा करा. मी विचारलं, जिथे काड्या गेल्या त्यांना निदान थांबायला सांगू या का? ते म्हणाले की ते वरून ठरेल.

दुपारी कोठारात गेले. काटेबाई पोत्यांना चिठ्ठ्या शिवत होत्या. तिथेही काटा त्यांनी बरोबर मधोमध ठेवलाय. बसायला स्टूल होतं, मी बसले नाही. सांगितलं की चूक माझी होती, तुमचे हात स्वच्छ होते, आणि हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

त्यांनी दोरा तोडला. म्हणाल्या, “ते सांगाल तेव्हा सांगा. आधी मला सांगा, गाड्या परत बोलावल्यात का?”

मी नाही म्हटलं.

“मग इथे काय करताय?”

३ जून, बुधवार

काटेबाई सकाळी आठाला हजर. कोठारातून सुट्टी टाकून आल्या. थोरलीचं पान मीच काढणार म्हणाल्या. काढलं, तोललं, कुटलं. दुपारी साडेतीनला तीच अक्षरं. त्या चष्मा काढून पडद्याजवळ गेल्या. वाचता येण्यासारखं त्यात काही नसतं, चारच अक्षरांच्या ओळी, पण त्यांनी दोन-तीन ओळी बोटाने वाचल्यासारखं केलं.

मग पाठवणीचं रजिस्टर काढलं. पाच वर्षांत दोनशे चौदा ठिकाणं. त्यांनी पत्ते वाचले, मी पत्र लिहिलं, एकच पत्र सगळ्यांना: ‘आमच्या काड्यांत रोग आहे. आमच्या तपासणीत तो दिसला नाही याचं कारण तपासणीच चुकीची होती. डोळे भरणं थांबवा. सुऱ्या-कात्र्या प्रत्येक झाडानंतर औषधात बुडवा. कुणालाही काडी देऊ नका.’ खाली माझी सही. साहेबांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी उद्यावर टाकलं असतं आणि मला ते सोयीचं वाटलं असतं.

पाच वाजता टपाल गेलं. दादाचा पत्ता यादीत पंच्याऐंशीवा होता. तेवढं एक पाकीट मी बाजूला काढलं. ते हातानेच द्यायला हवं.

५ जून, शुक्रवार

साहेबांचं पत्र. माझ्याकडे खुलासा मागितलाय. सोबत त्यांनी वर पाठवलेल्या टिपणाची प्रत आहे. ‘तपासणीप्रमुखांनी स्वतःच्या जबाबदारीवर योजलेल्या पद्धतीतील दोष’, आणि खाली माझं ते सही केलेलं पान. टिपणावरची तारीख अठ्ठावीस मे. म्हणजे मला पाणी दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

नवऱ्याने वाचलं आणि चिडला. मला चिडता येईना. त्यात खोटं असं एकही वाक्य नाही.

७ जून, रविवार

दादाकडे.

त्याने नवे फुटवे दाखवले, नखाएवढे, लालसर. एकेका झाडापाशी वाकून दाखवत होता. मी चौथ्या का पाचव्या झाडाशी सांगितलं. उभ्यानेच. काय झालं, कसं झालं, मी कुठे चुकले. वजाबाकीचं सांगायला लागले तर म्हणाला, ते राहू दे, मला कळणार नाही.

मग विचारलं, “एप्रिलमध्ये तू काही नाही म्हणालीस तेव्हा होतं?”

“होतं.”

“या नव्या डोळ्यांतही आहे?”

“आहे. ते थोरलीचेच आहेत. मीच काढून दिले.”

तो खाली बसला. बांधावर नाही, तिथेच ढेकळांत. कात्री हातात होती, ती उघडली, मिटली, उघडली. मला वाटलं आता बोलेल काहीतरी, बोलावं असं वाटत होतं. 

“शेजाऱ्याला मी दिल्यात काड्या,” तो म्हणाला. “त्याने सातशे डोळे भरलेत.”

मी म्हटलं, मी सांगते त्याला, चूक माझी आहे.

“तू नको. दिल्या मी आहेत.” उठला, पँट झटकली आणि कुंपणाकडे चालायला लागला. दहा-बारा पावलं गेल्यावर वळून म्हणाला, “एकवीस वर्षांनी बस सोडली, बारके. एकदाही गाडी कुणाला घासली नव्हती.”

वहिनीने मला चहा दिला. कप देताना हात धरला नाही आणि सोडलाही नाही, असा काहीतरी. दादा परतेपर्यंत मी थांबले नाही.

२२ जून, सोमवार

चौकशी झाली. माझा सहीचा अधिकार काढून घेतला, कामाला हात ठेवले. यंत्र दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. काटेबाईंना परत आणलं. चौकशीत मी त्यांच्याबद्दलचं सगळं सांगितलं, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पत्रांना उत्तरं येताहेत. काहींनी शिव्या दिल्यात. एकाने फक्त त्याच्या बागेतल्या झाडांची संख्या लिहून पाठवलीय, दुसरा शब्द नाही. बहुतेकांनी डोळे भरून झाल्यावर पत्र मिळालं असं लिहिलंय.

आज जाळीघर रिकामं केलं. अठ्ठेचाळीस झाडं सकाळी, थोरली दुपारी. बुंधा कापल्यावर लाकूड पांढरंशुभ्र निघालं. एकतीस वलयं मोजली. कुठेही डाग नाही.

५ जुलै, रविवार

दादाने अर्धी बाग काढली. मशीनने मुळासकट उपटून रांगेतच जाळतो आहे. मी विचारलं नव्हतं, तरी परवा वहिनीचा फोन आला की येऊन जा. गेले. आम्ही तिघं धुराच्या वरच्या अंगाला उभे राहिलो. निघताना दादा म्हणाला की पुन्हा लावायचं झालं तर निरोगी डोळा आणायचा कुठून, ते बघ.

हे काम त्याने मला दिलं. दोन दिवस मी त्या एका वाक्यावर चालते आहे.

१५ जुलै, बुधवार

वाट काटेबाईंनी दाखवली. म्हणाल्या, ज्याला आजवर सुरीच लागलेली नाही असं झाड शोधू. बीतून उगवलेलं, कलम न केलेलं. हा रोग सुरीने, कात्रीने, डोळ्याने पसरतो. बीतून येत नाही, ते आम्ही तपासलंय. म्हणजे कुणाच्या परसात कधीकाळी बी थुंकली आणि आपसूक झाड झालं असेल, तर ते स्वच्छ.

आठवडाभर दोघी फिरतोय. दवाखान्यामागे, वखारीच्या भिंतीलगत, एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दारात. तो म्हणाला याची फळं इतकी आंबट की चोरसुद्धा परत आणून देतात. अकरा झाडं मिळाली. काटेबाईंनी प्रत्येकाला चिठ्ठी लावली. कितीतरी दिवसांनी त्या गुणगुणत होत्या.

१८ जुलै, शनिवार

या वेळी वजा काहीच केलं नाही. सगळा मजकूर वाचला, सगळा ताडला, वेळ लागला तर लागू दे.

पहिलं कोरं. दुसरं कोरं. शिंप्याचं कोरं. पाचव्यानंतर काटेबाईंनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली. आठव्याला मी दादाला फोन लावायला निघाले होते, त्या म्हणाल्या, थांबा, सगळी होऊ देत. नववं, दहावं कोरं.

अकरावं शाळेच्या आवारातलं. आठ-नऊ वर्षांचं झाड, शिपाई म्हणाला होता की मुलांनी डब्यातलं संत्रं खाऊन टाकलेल्या बीतून आलंय. कुणी कधी छाटलं नाही, काडी नेली नाही. सगळ्यांत जवळची बाग चार किलोमीटरवर.

साडेआठ हजार अक्षरं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काटेबाईंनी विचारलं, माझ्या हातून तर नाही ना? मी पाण्याची नळी दाखवली, घेवड्याची दाखवली. दोन्ही कोऱ्या.

त्या झाडाला सुरी लागलेली नाही. मग तिथवर ते चालत आलं, की उडत आलं, की वाऱ्याने आलं, ते आम्हाला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्याला आता आपली गरज उरलेली नाही.

फोन उचलला. आधी दादाला.